विषाणूचं नाव राहू द्या, श्वास मोजा

हिवाळा लागला की नाशकात एक वाक्य घरोघरी फिरतं : ‘साधं व्हायरल आहे, डॉक्टर लोक उगाच ॲडमिट करून घेतात.’ द्वारका चौकात सिन्नरच्या गाडीची वाट बघणाऱ्या आजी हे म्हणतात, गल्लीतला औषधवाला म्हणतो, आणि व्हॉट्सॲपवर आकडे टाकणारे शिकलेसवरलेले काकाही म्हणतात. काकांचा मुद्दा जरा घासूनपुसून आलेला असतो. ते म्हणतात, श्वसनाच्या विषाणूंनी रुग्णालयात दाखल झालेल्या मुलांपैकी दगावतात किती? शंभरात एकसुद्धा नाही. मग एवढा बाऊ कशाला?

त्यात खरं आहे ते आधी मान्य करू. पाच वर्षांखालच्या मुलाला वर्षातून पाच-सहा वेळा सर्दी-खोकला होतोच. त्यातली बहुतेक दुखणी आईचं दूध, ताप उतरवायला पॅरासिटामॉल आणि आजीची मांडी एवढ्यावर निभावतात. गरज नसताना मुलं दाखल करून घेणारी रुग्णालयंही आहेत, हे काही गुपित नाही. पण एवढ्यावरून ‘आजार सौम्य आहे’ असं ठरत नाही. ठरतं ते इतकंच, की तो बहुतेकांना सौम्य होतो. उरलेल्या थोड्यांना तो जीवघेणा होतो, आणि ते थोडे कोण असणार हे आपल्याला बरंचसं आधीच माहीत असतं. दिवस पुरे न भरता जन्मलेलं बाळ, दोन किलोच्या आतबाहेर वजनाचं बाळ, हृदयाला छिद्र असलेलं बाळ, आणि यातलं काहीच नसलं तरी नुसतं दोन महिन्यांचं आहे म्हणून धोक्यात असलेलं बाळ. हे माहीत असूनही आपण सगळ्या मुलांची सरासरी काढतो आणि त्या सरासरीकडे बघून निर्धास्त होतो. माझं भांडण या सरासरीशी आहे.

सरासरीवाल्यांइतकाच चुकीचा दुसराही एक पक्ष आहे, तो घाबरवणाऱ्यांचा. ६ जानेवारी २०२५ आठवा. बंगळूरच्या एका रुग्णालयात तीन महिन्यांच्या आणि आठ महिन्यांच्या अशा दोन बाळांच्या नमुन्यांत एचएमपीव्ही सापडल्याचं आयसीएमआरने जाहीर केलं. त्या दिवशी सेन्सेक्स बाराशेहून अधिक अंकांनी कोसळला. त्याला इतरही कारणं होती, पण वाहिन्यांवर दोन्ही बातम्या शेजारीशेजारी चालल्या. संध्याकाळपर्यंत केंद्रीय आरोग्यमंत्री जे. पी. नड्डा यांना सांगावं लागलं, की विषाणू नवा नाही, २००१ सालीच तो ओळखला गेलाय, काळजीचं कारण नाही. नवा नाही हे शंभर टक्के खरं होतं. पण त्या दोन्ही बाळांना ब्राँकोन्यूमोनिया झाला होता आणि त्यासाठीच ती रुग्णालयात आली होती, हे त्या दिवशीच्या सरकारी पत्रकातच होतं आणि त्याकडे कोणी दुसऱ्यांदा पाहिलं नाही. एका बाजूला ‘चीनचा नवा विषाणू’, दुसऱ्या बाजूला ‘जुनाच आहे, घाबरू नका’. दोघांच्याही लेखी महत्त्व विषाणूच्या जन्मतारखेला. बाळाला ऑक्सिजन लागला का, किती दिवस लागला, दुखणं सुरू झाल्यावर ते कितव्या दिवशी पोचलं, हे विचारायला दोन्ही पक्षांना सवड नव्हती.

जुनेपणाचा दिलासा तर मला कधीच कळला नाही. एचएमपीव्ही नेदरलँड्समधल्या संशोधकांनी २००१ मध्ये ओळखला, पण जुन्या रक्तनमुन्यांत त्याच्या प्रतिपिंडांचा माग काढल्यावर दिसलं, की तो निदान पन्नास वर्षं माणसांत फिरतोय. म्हणजे पन्नास वर्षं त्याने तान्ही बाळं रुग्णालयात पाठवली, आणि केसपेपरवर नुसतं ‘छातीत कफ’ लिहिलं गेलं. आरएसव्ही या श्वसनाच्या दुसऱ्या विषाणूचंही तेच. १९५६ मध्ये अमेरिकेतल्या प्रयोगशाळेतली चिंपांझी सर्दीने बेजार झाली तेव्हा तो पहिल्यांदा हाती लागला, पुढच्याच वर्षी रॉबर्ट चॅनॉक यांना तो बाल्टिमोरच्या आजारी बाळांत सापडला. त्याच्या आधीच्या हिवाळ्यांत बाळं काय दमत नव्हती? विषाणूंमध्ये फरक नसतो असं मी म्हणत नाही. सहा महिन्यांखालच्या बाळांना आरएसव्ही इतरांपेक्षा जास्त छळतो, हे देशोदेशीच्या अभ्यासांत दिसलंय. पण त्याच आरएसव्हीने चार वर्षांच्या ताईचं नुसतं नाक गळतं आणि सहा आठवड्यांचा तिचा भाऊ निळा पडतो. विषाणू एक, घर एक, आणि दोघांचं दुखणं मात्र कुठल्या कुठे.

का, ते बाळाकडे बघितल्यावर कळतं. झबलं वर करा आणि पोट-छाती उघडी ठेवून मिनिटभर नुसतं पाहा. श्वास आत जाताना फासळ्यांखालची कातडी आत ओढली जाते, खळगा पडतो. नाकपुड्या फुलतात. प्रत्येक श्वासाबरोबर मान किंचित डुलते. श्वास सोडताना बारीक कण्हल्यासारखा आवाज येतो. स्तनाला लावलं तर दोन घोट ओढून बाळ तोंड सोडतं, पुन्हा लावलं तर पुन्हा सोडतं, कारण दूध ओढायचं की श्वास घ्यायचा यातलं एकच काही त्याला जमतंय. कपाळावर घाम असतो. ताप असेलच असं नाही, आणि इथेच घरची माणसं फसतात : ‘अंग तर गार आहे, मग काय झालंय?’ फुप्फुसातल्या सगळ्यांत बारीक नळ्यांचं अस्तर सुजलेलं असतं, त्यांत चिकट स्राव साचलेला असतो. नळीची त्रिज्या निम्मी झाली की हवेला होणारा अडथळा दुप्पट न होता सोळापट होतो, हा भौतिकशास्त्राचा नियम आहे. मोठ्या माणसाच्या नळीत एवढ्या सुजेने फारसं बिघडत नाही, बाळाच्या नळीत जागाच उरत नाही. शिवाय हे दुखणं पहिल्या दिवशी खरं रूप दाखवत नाही. सर्दीपासून मोजलं तर तिसरा ते पाचवा दिवस सगळ्यांत वाईट. पहिल्या दिवशी ‘साधं आहे’ म्हणून घरी पाठवलेलं बाळ चौथ्या दिवशीही साधंच असेल, याची हमी ना डॉक्टर देऊ शकतो ना आजी. अगदी लहान बाळं तर कधीकधी धापही लागू देत नाहीत. मध्येच काही सेकंद श्वासच घ्यायचा थांबतात.

आता काकांच्या आकड्याकडे येतो, कारण तो खोटा नाही. ‘लॅन्सेट’ने २०२२ मध्ये छापलेल्या जागतिक अंदाजानुसार २०१९ या एका वर्षात आरएसव्हीमुळे पाच वर्षांखालची ३६ लाख मुलं रुग्णालयात दाखल झाली आणि रुग्णालयांत २६,३०० दगावली. भागाकार करा, शंभरात एकाहून कमी. काका जिंकले. पण त्याच लेखात, त्याच परिच्छेदात पुढचा आकडा आहे : आरएसव्हीमुळे झालेले एकूण बालमृत्यू १,०१,४००. म्हणजे चारपैकी तीन मृत्यू रुग्णालयाच्या दाराबाहेर झाले. घरी, वाटेत, जीपमध्ये. एकूण मृत्यूंतले ९७ टक्क्यांहून अधिक आपल्यासारख्या कमी आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत, आणि जवळपास निम्मे सहा महिन्यांच्या आतले. काकांनी पोचलेल्या मुलांवरून न पोचलेल्या मुलांचा निकाल लावला. रुग्णालयातला मृत्युदर कमी असणं हा आजार सौम्य असल्याचा पुरावा होत नाही. वेळेत ऑक्सिजन मिळाला तर मूल वाचतं, याचा तो पुरावा आहे. तोच आकडा, अर्थ बरोबर उलटा.

हे दूर आफ्रिकेतलं असेल अशी कोणाची समजूत असेल तर मेळघाटात जावं. तिथे डॉ. आशिष सातव यांच्या ‘महान’ संस्थेने दोन वर्षांखालच्या मुलांमधला आरएसव्ही रुग्णालयात बसून न शोधता गावोगाव शोधला, आणि रुग्णालयाची पायरी कधीच न चढलेले आरएसव्हीचे मृत्यू त्यात सापडले. याच्याही आधी गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९९० मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये जे छापलं, ते महाराष्ट्राच्या शाळेतल्या पाठ्यपुस्तकात असायला हवं. ५८ गावांत आरोग्यदूतांना आणि सुईणींना मुलांचा न्यूमोनिया ओळखायला आणि औषध द्यायला शिकवलं, ४४ गावं तुलनेसाठी ठेवली. पाच वर्षांखालच्या हजार मुलांमागे न्यूमोनियाचे मृत्यू तुलनेच्या गावांत १७.५ होते, काम झालेल्या गावांत ८.१. अक्षरओळख नसलेल्या सुईणींसाठी त्यांनी श्वास मोजायचं एक यंत्र केलं : एका मिनिटाची वाळूची घडी आणि तारेवर ओवलेले मणी. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत लाल मणी सरकला तर बाळाला न्यूमोनिया आहे. वीज लागत नाही की इंटरनेट. विषाणूचं नाव तर लागतच नाही.

इथे जाणकार वाचक मला अडवेल, आणि त्याने अडवावंच. गडचिरोलीत मुलं वाचली ती प्रतिजैविकाने, म्हणजे तिथला न्यूमोनिया मुख्यतः जिवाणूंचा होता. विषाणूंच्या चर्चेत तो दाखला कसा चालेल? हा आक्षेप बिनतोड आहे, आणि त्यातूनच आजची खरी अडचण दिसते. मधल्या काळात हिबची आणि न्यूमोकोकसची लस सरकारी लसीकरणात आली, त्या जिवाणूंचा जोर ओसरला. सात देशांत झालेल्या ‘पर्च’ अभ्यासात २०१९ मध्ये दिसलं, की रुग्णालयात आलेल्या मुलांच्या गंभीर न्यूमोनियात सुमारे ६१ टक्के वाटा विषाणूंचा होता, एकट्या आरएसव्हीचा ३१. जिवाणूवरची गोळी आशाताईच्या पिशवीत मावत होती. विषाणूच्या न्यूमोनियावर चालतो तो ऑक्सिजन, आणि तो पिशवीत मावत नाही. म्हणजे आज बाळाचा जीव औषधापेक्षा अंतरावर आणि वेळेवर जास्त टांगलेला आहे. ‘व्हायरल म्हणजे सोपं’ असं म्हणणाऱ्यांना हे कळलेलं नाही. व्हायरल म्हणजे गावातल्या माणसाच्या हातात उपचार नाही, आणि म्हणून लवकर ओळखून लवकर हलवणं आणखी निकडीचं.

हलवायचं कुठे? नाशिक जिल्ह्याचा नकाशा डोळ्यांपुढे आणा. पेठ, सुरगाणा, हरसूलकडचं बाळ घाट चढून पेठ किंवा त्र्यंबक रस्त्याने सिव्हिलला येतं. निफाड, चांदवड, मालेगावकडचं आग्रा रोडने येतं, सिन्नरचं पुणे रोडने, आणि ही दोन्ही द्वारकेला भेटतात, जिथे वर उड्डाणपूल असूनही खालची कोंडी कधी सुटत नाही. गाव ते उपकेंद्र, उपकेंद्र ते ग्रामीण रुग्णालय, तिथून ‘नाशिकला न्या’. या प्रत्येक टप्प्यावर तास जातात आणि कोणीच ते लिहून ठेवत नाही. ऑगस्ट २०१७ मध्ये नाशिकच्या जिल्हा रुग्णालयातल्या नवजात कक्षात ५५ बाळं दगावली, तेव्हा राज्यभर ओरड झाली. प्रशासनाचं म्हणणं होतं, की बरीचशी बाळं खासगी रुग्णालयांतून अगदी शेवटच्या अवस्थेत आणली गेली. तो विषय विषाणूंचा नव्हता, कमी वजनाच्या आणि अपुऱ्या दिवसांच्या बाळांचा होता. पण खुलासा म्हणून दिलेलं ते वाक्य मला आरोपपत्रासारखं वाटतं. बाळ शेवटच्या अवस्थेत पोचलं, तर आधीच्या अवस्थांत ते कोणाच्या नजरेखाली होतं?

ऑक्सिजनचं मोल तर आम्हाला कोणी शिकवायला नको. द्वारकेजवळच्या महापालिकेच्या डॉ. झाकिर हुसेन रुग्णालयात २१ एप्रिल २०२१ ला टाकीला गळती लागली, पुरवठा तुटला आणि त्या दिवशी २२ माणसं गेली. त्यानंतर राज्यभर टाक्या आणि हवेतून ऑक्सिजन काढणारे प्रकल्प उभे राहिले, चांगलं झालं. पण टाकीतला ऑक्सिजन तीन किलोच्या बाळापर्यंत पोचायला त्याच्या नाकात बसणारी बारीक नळी लागते, अर्धा-एक लिटरवर स्थिर राहणारा फ्लोमीटर लागतो, आणि पावलाला गुंडाळायचा ऑक्सिमीटरचा लहान प्रोब लागतो. कोविडात घरोघरी आलेली बोटाची क्लिप बाळाच्या बोटावर नीट बसत नाही आणि दाखवते त्या आकड्याचा भरवसा नसतो. सरकारी यादीत ‘पल्स ऑक्सिमीटर : उपलब्ध’ असं लिहिलेलं असतं. कोणाच्या बोटाचा, हे लिहिलेलं नसतं. ही बारीकसारीक खरेदी आहे, उद्घाटनाची फीत तिला बांधता येत नाही, म्हणून ती मागे पडते.

‘साधं व्हायरल’वाल्यांची सगळ्यांत मोठी गंमत पुढेच आहे. आजार साधा आहे म्हणतात, पण औषधाच्या दोन बाटल्या घेतल्याशिवाय दवाखान्यातून उठत नाहीत. प्रतिजैविक हवं, खोकल्याचं औषध हवं, घरी नेब्युलायझर हवा. बाळांच्या या दम्यासारख्या दिसणाऱ्या दुखण्यात, म्हणजे ब्राँकिओलायटिसमध्ये, सालब्युटामॉलची वाफ, स्टिरॉइड, प्रतिजैविक यांपैकी काहीही सरसकट देऊ नका, असं अमेरिकेच्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१४ सालीच सांगितलंय. नाक साफ ठेवा, दूध-पाणी पोटात जाऊ द्या, ऑक्सिजन कमी पडला तर द्या. एवढंच. पण एवढ्यावर पालक फी द्यायला कुरकुरतात आणि काही डॉक्टर प्रवाहाबरोबर वाहतात. त्याचं टोक २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये छिंदवाड्यात दिसलं. साध्या तापखोकल्याच्या मुलांना कोल्ड्रिफ हे सिरप दिलं गेलं, त्यांची मूत्रपिंडं निकामी झाली, त्यातली कितीतरी मुलं उपचारांसाठी नागपुरात आणली गेली, आणि वीसहून अधिक गेली. तमिळनाडूच्या तपासणीत त्या औषधात ४८.६ टक्के डायथिलीन ग्लायकॉल निघालं. त्या सिरपमधल्या सर्दीच्या दोन औषधांचं मिश्रण चार वर्षांखालच्या मुलांना देऊ नये, असा केंद्रीय औषध नियंत्रकांचा आदेश २०२३ पासून होता. त्या मुलांचा विषाणू बहुधा खरंच सौम्य होता. सौम्य दुखण्याला औषध लागत नाही, हे मात्र कोणी मानलं नाही.

दुसरं टोक तपासण्यांचं. हल्ली नाकातल्या एका बोळ्यातून वीस-वीस विषाणू शोधणारी पीसीआर चाचणी हजारो रुपयांना होते. अतिदक्षता विभागात तिचा उपयोग असेल, साथ कुठली चाललीय हे कळायलाही असेल. पण ‘पर्च’मध्येच दिसलं, की ऱ्हायनोव्हायरससारखे विषाणू धडधाकट मुलांच्या नाकातही सर्रास सापडतात. सापडला म्हणजे त्यानेच केलं असं नाही, आणि दोन सापडले म्हणजे आजार दुप्पट असंही नाही. अहवालात नाव बघून घाबरणारे आणि नाव बघून हुश्श करणारे पालक, दोघांनाही त्या पैशांत काय मिळालं?

‘मुलांना आजार होऊ द्यावेत, त्याशिवाय ताकद येत नाही’ हेही ऐकवलं जातं. तीन वर्षांच्या मुलाबद्दल माझी हरकत नाही. दीड महिन्याच्या बाळाला ताकद यायला आधी जगावं लागतं. डिसेंबरात बारसं करायचं, शंभर माणसांनी बाळाला हाताळायचं, शिंकणाऱ्या मामांनी पापा घ्यायचा, आणि चार दिवसांनी दृष्ट काढायची, हा कार्यक्रम पुढे ढकलला तर परंपरेचं काही बिघडत नाही.

श्वास मोजायचे आकडे डब्ल्यूएचओने केव्हाच ठरवून दिलेत. बाळ शांत असताना पूर्ण मिनिटभर मोजायचं : दोन महिन्यांच्या आत ६० किंवा जास्त, वर्षाच्या आत ५० किंवा जास्त, पाच वर्षांपर्यंत ४० किंवा जास्त, तर श्वास जलद. छाती आत ओढली जात असेल, बाळ दूध घेत नसेल किंवा रक्तातला ऑक्सिजन ९० टक्क्यांखाली असेल, तर थांबायचं नाही. केंद्र सरकारने नोव्हेंबर २०१९ मध्ये ‘सांस’ मोहीम याच पायावर सुरू केली आणि २०२५ पर्यंत हजार जन्मांमागे न्यूमोनियाचे बालमृत्यू तीनच्या खाली आणायचं ठरवलं. ते वर्षही आलं आणि गेलं.

‘एवढं गंभीर असतं तर लस नसती का आली?’ हा काकांचा शेवटचा हुकमी प्रश्न. लस करायचा प्रयत्न १९६० च्या दशकातच झाला होता. ती टोचलेल्या बाळांना पुढे खरा आरएसव्ही झाला तेव्हा आजार उलट बळावला आणि दोन बाळं दगावली. त्या धक्क्याने हे काम कित्येक दशकं मागे गेलं. आता गरोदर आईला टोचायची लस आहे आणि बाळाला एकदाच द्यायचं निरसेव्हिमॅब हे तयार प्रतिपिंडाचं इंजेक्शन आहे. मे २०२५ मध्ये डब्ल्यूएचओने सगळ्या देशांना सांगितलं, की यातलं निदान एक तरी आपल्या कार्यक्रमात आणा. आपल्या सरकारी लसीकरणात यातलं काहीच नाही. महाग आहे, खरं आहे. पण किंमत परवडते की नाही हे ठरवायला आधी नुकसान किती ते माहीत असावं लागतं.

म्हणून काकांना आणि काकांसारख्या अधिकाऱ्यांना माझं साधं मागणं आहे. गेल्या हिवाळ्यात नाशिक जिल्ह्यात सहा महिन्यांखालची किती बाळं ९० च्या खाली ऑक्सिजन घेऊन दारात आली, ती कुठल्या तालुक्यातली होती, छाती ओढायला लागल्यापासून दारात यायला त्यांना किती तास लागले, आणि किती बाळं वाटेतच संपली, हे तालुकावार जाहीर करा. मग सौम्य की गंभीर, यावर समोरासमोर बसून बोलू.